रेल्वे स्थानकाची लघुप्रतिकृती

रेल्वे स्थानकाची इमारत, फलाट, रूळ व लगतचा परिसर यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली त्रिमितीय रचना. अशी प्रतिकृती छंद म्हणून, संग्रहालयात मांडण्यासाठी अथवा वास्तूच्या अभ्यासासाठी तयार करतात. खेळण्यातील स्थानकात केवळ सादृश्य पुरते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप एका निश्चित गुणोत्तराने मूळ वास्तूशी बांधलेले असावे लागते. मोठे प्रवासी स्थानक संपूर्णपणे प्रमाणात उतरविणे क्वचितच शक्य होते. त्यामुळे काय राखावे, काय वगळावे आणि कोणत्या काळातील स्थानक दाखवावे, हे ठरविणे हा या कामाचा गाभा होय.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे यातील अडचणी समजण्यास उत्तम उदाहरण आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले व ते सु. दहा वर्षे चालले. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीला भारतीय वास्तुघटकांची जोड, मध्यभागी अष्टकोनी घुमट, टोकदार कमानी आणि दगडातील विपुल कोरीवकाम ही तिची वैशिष्ट्ये होत. २००४ मध्ये तिचा समावेश जागतिक वारसा स्थळांत झाला.

प्रमाण व रूळांचे माप : जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे असून त्यास ‘एच्ओ’ म्हणतात. त्यात १ मी. लांबी सु. ११·५ मिमी. होते आणि १६५ सेंमी. उंचीचा प्रवासी जेमतेम १९ मिमी. भरतो. जागा कमी असल्यास १:१६० हे ‘एन्’ प्रमाण वापरतात. एच्ओ प्रमाणातील तयार रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते, कारण ते १,४३५ मिमी. या पाश्चात्त्य प्रमाणित मापावरून ठरलेले आहे. भारतीय रुंदमापी मार्गावर हे अंतर १,६७६ मिमी. असल्याने १:८७ प्रमाणात ते सु. १९·३ मिमी. हवे. तयार रूळ वापरल्यास मार्ग सु. १४ टक्के अरुंद होतो आणि रुंद भारतीय डबा त्यावर अंगापेक्षा लहान चौरंगावर बसविल्यासारखा दिसतो. यावर दोन उपाय आहेत. एक, रूळ स्वतः घालून चाकांचे आसही त्या मापाचे करणे. दुसरा, संपूर्ण रचना सु. १:१०२ प्रमाणात करणे. पहिला कष्टाचा आहे. दुसऱ्यात तयार डबे, एंजिने व माणसांच्या आकृत्या यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे पुष्कळ छांदिष्ट अरुंद मार्गच पत्करतात.

लांबीचा प्रश्न : इमारतीपेक्षा फलाट व रूळ यांना अधिक जागा लागते. सु. २२·३ मी. लांबीचे अठरा डबे व एक एंजिन मिळून गाडी सु. ४२० मी. होते, १:८७ प्रमाणात ती ४·८ मी. भरते. १:१२ कोनाचा रुंदमापी सांधा सु. ४० मी. लांब असतो, म्हणजे प्रतिकृतीत जवळजवळ ४६ सेंमी. मुंबईच्या या टर्मिनसला १८ फलाट आहेत. असे सांधे एकापुढे एक मांडून सर्व फलाटांना जोडू गेल्यास केवळ स्थानकाच्या मुखाशीच अनेक मीटर खर्ची पडतात. रुंदमापी मार्गावरील सर्वांत तीव्र अनुज्ञेय वळणाची त्रिज्या १७५ मी., म्हणजे प्रतिकृतीत सु. २ मी. असते, घरगुती मांडणीत ६० सेंमी. त्रिज्येवरच भागवावे लागते.

म्हणून निवडक संक्षेप करतात. फलाटांची संख्या घटवितात व गाडी आठ-दहा डब्यांची करतात. दर्शनी भागातील एकसारख्या कमानींपैकी काही गाळतात. मात्र उरलेल्या कमानीची उंची-रुंदी बदलत नाहीत. संख्या कमी केल्याने वास्तूची ओळख टिकते, परंतु घटकाचे प्रमाण बिघडविल्यास ती हरवते. घुमट व मधला दर्शनी भाग यांचे परस्परप्रमाण सहसा अबाधित ठेवतात.

काळाची निश्चिती : स्थानक सतत बदलत असते, म्हणून प्रतिकृती कोणत्या वर्षाची हे आधी ठरवावे लागते. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. त्यापूर्वीच्या देखाव्यात विजेच्या तारा व खांब असू शकत नाहीत. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून तयार होऊ लागलेले पोलादी डबे १९३० च्या फलाटावर उभे करणे चूक ठरते. स्थानकाचे नाव १९९६ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये बदलले, त्यामुळे पाटीवरील अक्षरेही काळाशी जुळवावी लागतात.

बांधणी : प्रथम आराखडे, छायाचित्रे व प्रत्यक्ष मोजणी यांवरून प्रमाणित रेखाचित्रे काढतात. पाया लाकडी चौकटीवरील प्लायवुडचा करतात. भिंती पुठ्ठा, प्लायवुड वा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून हाताने किंवा लेसर किरणाने कापतात. पुनरावृत्त कमानी, कठडे व शिल्पे यांचा एकच नमुना कोरून त्यावरून सिलिकोन रबराचा साचा काढतात आणि त्यात राळ किंवा प्लास्टर ओततात. आता त्रिमितीय मुद्रणाचाही वापर होतो. ३० सेंमी. उंचीचा दगडी थर १:८७ प्रमाणात ३·४ मिमी. होतो, पण त्यातील १ सेंमी.चा सांधा ०·१ मिमी. उरतो. तो कोरण्याऐवजी पातळ रंगाची रेघ भरून सुचवितात. फलाटावरील छत उचलता येईल असे ठेवल्यास आतील रचना पाहता येते व दुरुस्तीही सुलभ होते.

प्रतिकृतीतील गाड्यांना सामान्यतः १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत् प्रवाह रुळांतून पुरवितात. अंतिम स्थानकात आलेले एंजिन फलाटाच्या टोकाशी अडकते. म्हणून मागील बाजूस दुसरे एंजिन जोडण्याची सोय आणि प्रत्येक फलाटाचा वीजपुरवठा स्वतंत्रपणे खंडित करण्याची व्यवस्था करावी लागते. दोन्ही टोकांस चालककक्ष असलेल्या उपनगरी गाड्यांना ही अडचण येत नाही. बाहेर गेलेल्या गाड्या देखाव्यामागील झाकलेल्या यार्डात उभ्या करतात.

प्रसार : हँब्यर्क येथील २००१ मध्ये सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलांट’ हे १:८७ प्रमाणातील विस्तीर्ण प्रदर्शन, तर हेग येथील १९५२ चे ‘मादुरोदाम’ १:२५ प्रमाणातील लघुनगर आहे. पुण्यात बावधनलगतच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. त्यात एच्ओ प्रमाणातील कल्पित शहर व त्यातून धावणाऱ्या गाड्या दाखविल्या आहेत. कल्पित स्थळामुळे रचनाकारास मोकळीक मिळते. प्रत्यक्षातील स्थानक निवडणाऱ्यास ती नसते.

महत्त्व : वाढत्या वाहतुकीमुळे जुन्या स्थानकांत फलाट, पूल व छपरे यांची सतत भर पडते आणि मूळ रूप झाकोळते. अशा वेळी काटेकोर प्रतिकृती ही वास्तूची नोंद ठरते. एरवी न दिसणारे छपरांचे व मार्गांचे परस्परसंबंध तीत एका दृष्टिक्षेपात दिसतात. मात्र न सांगता केलेला संक्षेप पुढील अभ्यासकाची दिशाभूल करतो. यासाठी प्रतिकृतीसोबत तिचे प्रमाण, दर्शविलेले वर्ष, मापांचा आधार आणि वगळलेले भाग यांची लेखी नोंद ठेवणे आवश्यक असते.