गाडी चुकली, क्रियापदही चुकलं

डोंबिवलीकर ऑफिसात उशिरा पोचला की सांगतो, ‘माझी गाडी चुकली.’ मराठी किती दयाळू पाहा: कर्ता गाडी, चूकही तिचीच! इंग्रजी मात्र आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते: ‘आय मिस्ड द ट्रेन.’ घाईत ‘माय ट्रेन मिस्ड’ निघून गेलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, गाडीचा नेम हुकला.

परीक्षेत तर देणं-घेणंच उलटं. ठाण्यातला मुलगा परीक्षा देतो, बाई ती घेतात. इंग्रजीत मुलगा ‘टेक’ करतो आणि बाई ‘गिव्ह’ करतात. ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ म्हणणारा बारावीचा पोरगा विलायतेत प्राध्यापकच समजला जाईल.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर ‘बॉरो’, दिली तर ‘लेंड’. आपल्याकडे ‘उसनं’ एकच, पुढे घ्या किंवा द्या. जर्मनांचं ‘लाइएन’ तर देण्याला आणि घेण्याला दोन्हीकडे चालतं, म्हणजे शेजारधर्म तिथे आणखी स्वस्त!

स्टेशनवरची घोषणा आपण ‘हिअर’ करतो, म्हणजे ती कानावर पडते. ‘लिसन’ करतो ते फलाट बदलल्याचं कळल्यावर.

आता खरी गंमत. आपण पडणे-पाडणे, पिणे-पाजणे, बसणे-बसवणे अशा जोड्या सहज वापरतो: एकात आपण करतो, दुसऱ्यात दुसऱ्याला करायला लावतो (व्याकरणात हे ‘प्रयोजक’). इंग्रजीतही हा कारखाना एके काळी जोरात चालू होता. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. स्वर बदलला, काम झालं, अगदी आपल्यासारखं. ‘सिट’वरून ‘सेट’, म्हणजे बसवणे. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. त्यातही खोडी अशी, की ‘लाय’चा भूतकाळ पुन्हा ‘ले’च, तिथे जन्माचे इंग्रजही घसरतात, तेव्हा आपण फार लाजू नये. सगळ्यात मजेदार जोडी ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’. ‘ड्रेंच’चा मूळ अर्थ पाजणे, गुरांना औषध पाजण्यासाठी हा शब्द आजही वापरतात. बाकीच्यांसाठी तो चिंब भिजवण्यावर आला. म्हणजे जुलैमध्ये कल्याण स्टेशनबाहेर पाऊस आपल्याला अक्षरशः पाणी पाजतो.

गाडीत चढण्याला इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणतात. ते आलं जहाजावरून. बोर्ड म्हणजे जहाजाची कड. सकाळी डोंबिवलीला मात्र ही प्रयोजक क्रिया असते: आपण चढत नाही, मागचे चढवतात.

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला 1847 मध्ये. ठाण्याला पहिली गाडी आली 16 एप्रिल 1853 ला, कल्याणला 1854 मध्ये. कोश आधी, लोकल नंतर. त्यामुळे ‘गाडी पकडणे’ आपल्याला कोशाने नाही, फलाटाने शिकवलं. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्या घडवल्या. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधीच्या आम्हा मंडळींची क्रियापदांशी गाठ पाचवीतच पडायची.

पण निवड करताना तारांबळ आपलीच उडते असं नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर एखादा इंग्रज उभा करा. इथे साडी नेसतात, झब्बा घालतात, फेटा बांधतात, टिकली लावतात. त्याच्याकडे या सगळ्याला एकच ‘वेअर’! ‘मी साडी घातली’ म्हणणाऱ्या नातीकडे आजी कशी बघते, हे त्याला कोणत्या कोशात सापडणार?

आणि ‘लागणे’? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो. धिम्या गाडीत मुंब्र्यानंतर दिवा लागतं आणि संध्याकाळी घरात दिवा लागतो. या सगळ्यांना पुरेल असं एक इंग्रजी क्रियापद शोधून दाखवा. सापडलं तर कळवा. (स्टेशन नव्हे, क्रियापद.)