सूक्ष्मदर्शकातली साक्ष: वंध्यत्व प्रयोगशाळा आणि ऑगमेंटेड रिॲलिटी

तत्त्वज्ञानाचा माणूस आज टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत कशाला शिरतोय, असं काहींना वाटलं असेल. कारण सांगतो. ‘पाहणं म्हणजे काय’ हा आमचा फार जुना प्रश्न, आणि तिथे तो रोज सकाळी कामाच्या टेबलावर येऊन बसतो.

2002 साली इंग्लंडमधल्या लीड्सची बातमी जगभर गाजली. एका गोऱ्या दाम्पत्याला जुळी मुलं झाली, आणि त्यांच्या रंगावरून लक्षात आलं की उपचारात दुसऱ्याच पुरुषाचे शुक्राणू वापरले गेले होते. चौकशीचा अहवाल 2004 मध्ये आला, तो प्रा. ब्रायन टॉफ्ट यांचा. आता अशा प्रयोगशाळांत दुहेरी साक्षीची पद्धत असते: एकाने काम करायचं, दुसऱ्याने डिशवरचं नाव ताडून सही करायची. पण टॉफ्ट यांनी पुढे एक अडचणीची गोष्ट दाखवली. तीच तपासणी दिवसात पुन्हापुन्हा केली की माणसाला जे दिसायला हवं असतं तेच दिसायला लागतं. डोळा अक्षरांवरून फिरतो, हात सही करतो, मन तिथे नसतं.

यात मला परकं काही वाटलं नाही. उत्तरपत्रिका तपासायचो तेव्हा बेरीज मॉडरेटर बघेलच, अशी माझी समजूत. आणि सरांनी केलीच असेल, ही मॉडरेटरची. एका मुलाच्या एका प्रश्नाचे 11 गुण बेरजेत आलेच नाहीत. तो नापास झाला. कागदावर दोन सह्या होत्या, त्यातली एक माझी.

न्यायदर्शन म्हणतं, इंद्रिय वस्तूला भिडलं एवढ्याने ज्ञान होत नाही. मनही त्या इंद्रियाशी जोडलेलं हवं. आणि मन अणुएवढं असल्यामुळे ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता इक्सी नावाची प्रक्रिया बघा. स्त्रीबीज साधारण 0.1 मिलिमीटरचं, शुक्राणूचं डोकं 0.005 मिलिमीटरच्या आसपास. एका बारीक नळीने बीज धरायचं, दुसऱ्या काचेच्या सुईने शुक्राणू आत सोडायचा. बीजाच्या कडेला एक छोटा गोळा असतो, पोलर बॉडी. तो घड्याळातल्या 12 किंवा 6 च्या जागी ठेवून सुई 3 च्या बाजूने घालतात, म्हणजे आतली गुणसूत्रांची नाजूक मांडणी दुखावण्याची भीती कमी. हे सगळं बीज इन्क्युबेटरबाहेर असताना. 37 अंशांची ऊब सुटत चाललेली. दोन्ही हात अडकलेले, मान वाकलेली, खोलीत उजेड मंद. अशात लेबल वाचायला, वेळ बघायला मान वर करायची, नजर पुन्हा जुळवायची. दिवसभरात किती वेळा! माझी भाची पुण्यात हेच काम करते. संध्याकाळी डोळ्यांपेक्षा मानच जास्त बोलते, असं तिचं म्हणणं. (प्रयोगशाळेत अत्तर लावून जायचं नसतं, हेही मला तिच्याकडूनच कळलं.)

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे खऱ्या दृश्यावर माहिती चढवणं. हे शब्द 1990 च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेल यांनी रूढ केले. विमानातल्या तारांची जुळणी करणाऱ्याला नकाशा आणि फळा यांच्यात सारखी मान वळवावी लागू नये, म्हणून. सूक्ष्मदर्शकात ते असं होतं: कॅमेरा दृश्य टिपतो, संगणक ते ओळखतो, आणि एक छोटा पडदा आरशाच्या मदतीने आपली रेघ, आपला आकडा त्याच नेत्रिकेत सोडतो. 2018 मध्ये गूगलच्या संशोधकांनी कर्करोगाच्या निदानासाठी असा सूक्ष्मदर्शक दाखवला. संशयित भागाभोवती नेत्रिकेतच कड उमटायची. तीच युक्ती इथे आणली तर जोडप्याचं नाव, बाहेर गेलेली मिनिटं, पोलर बॉडीची जागा, सगळं नजर असते तिथेच. अणुएवढ्या मनाला येरझाऱ्या नकोत.

डोक्यावर चढवायच्या चष्म्यांबद्दल मला तितका विश्वास नाही. त्यांचं वजन मानेवरच येतं, आणि जवळ-लांबच्या प्रतिमांत डोळे वेगळे शिणतात. थकवा घालवायला थकवा, असा प्रकार.

खरा प्रश्न मात्र पुढचा. डिशवर टॅग लावून दोन जोडप्यांचे नमुने एकत्र आले की गजर करणारी यंत्रणा आजही आहे, आणि ती उपयोगी आहे. पण नेत्रिकेत सतत हिरवी खूण दिसत राहिली, तर आठवडाभरात ती दिसेनाशी होईल. लीड्सनंतरची दुसरी सही जशी झाली तशीच. शिवाय टॅग चुकीच्या डिशवर लावला गेला, तर यंत्र ती चूक इमानाने बरोबर म्हणेल. म्हणून मला वाटतं, यंत्राने उत्तर दाखवू नये, विचारावं. काम करणारीने नाव मोठ्याने वाचावं, आणि मगच सुई पुढे सरकावी. कामाला दोन सेकंद जास्त लागतील. लागू देत.

भाचीला विचारलं, त्या काचेत तुला काय काय दिसायला हवं? ती म्हणाली, “मामा, फक्त नाव आणि घड्याळ. आणि बीज झाकलं जाणार असेल, तर तेही नको.”

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.