हनुवंतियाची हाऊसबोट ज्या पाण्यावर तरंगते, त्या पाण्याखाली काय आहे?

हाऊसबोटीत राहायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच ठिकाणं येतात. श्रीनगरचं दल सरोवर, नाहीतर केरळातलं अलेप्पी. बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याहून ही दोन्ही ठिकाणं लांब. रेल्वेचं आरक्षण, आठवडाभराची रजा, सगळा खर्च, असं गणित मांडलं की बेत पुढच्या वर्षावर जातो.

पण नांदुऱ्याहून उत्तरेला सातपुडा ओलांडला, की साधारण दोनशे किलोमीटरवर एक भलंमोठं पाणी लागतं. मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवर. तिथल्या हनुवंतिया नावाच्या छोट्या गावाला तिथल्या पर्यटन महामंडळानं बोटी, कॉटेजेस आणि हाऊसबोटी आणल्या. हिवाळ्यात तिथे ‘जल महोत्सव’ भरतो. पहिला महोत्सव फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. त्याच्या थोडं आधी राज्य मंत्रिमंडळाची बैठकही तिथल्या क्रूझवर घेतली गेली होती. जाहिरात म्हणून ही कल्पना बिनतोड होती.

मग हे पाणी आपल्याच जिल्ह्यात का नाही, असं कुणी विचारेल. जिल्ह्यात लोणार आहे. पण ते उल्कापातानं तयार झालेलं खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. भोवतालचा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून लोणार रामसर यादीतही आहे. तिथे काठावरून पाहायचं, उतरून देवळं बघायची आणि परत यायचं. बोटीची अपेक्षाच करू नये.

तीन प्रकारच्या हाऊसबोटी, तीन प्रकारचं पाणी

हाऊसबोट हा शब्द एक असला तरी वस्तू वेगवेगळ्या आहेत. काश्मीरची हाऊसबोट म्हणजे देवदाराच्या लाकडाचं नक्षीदार घर. ते जागचं हलत नाही. काठाला बांधलेलं असतं आणि तिथवर जायला शिकारा लागतो. केरळची हाऊसबोट म्हणजे मुळात भात वाहून नेणारी बोट, ‘केट्टुवळ्ळम’. केट्टु म्हणजे बांधणं, वळ्ळम म्हणजे नाव. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. रस्ते झाले, मालवाहतूक ट्रकवर गेली आणि या बोटी रिकाम्या पडल्या. १९९०च्या दशकात कुणीतरी त्यांवर खोल्या बांधल्या आणि धंदा पुन्हा उभा राहिला. आपल्याकडे तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत एमटीडीसीनं केलेला प्रयोग याच जातीचा.

हनुवंतिया तिसऱ्या प्रकारात मोडतं, धरणाच्या पाण्यात. आणि इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर सहलीचा विरस होऊ शकतो.

नैसर्गिक सरोवराचं पाणी वर्षभरात थोडंफार वरखाली होतं. धरणाचं पाणी मात्र वीज आणि सिंचनासाठी सोडलं जातं, म्हणजे ते उतरण्यासाठीच साठवलेलं असतं. इंदिरा सागर धरणाची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर आणि वापराची किमान पातळी २४३.२३ मीटर. दोन्हींत जवळपास १९ मीटरचा फरक, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. पावसाळ्यानंतर जिथे बोट बांधलेली असते, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असू शकतो. त्यामुळे धक्का तरंगता ठेवावा लागतो, पाण्याबरोबर तो मागे सरकवावा लागतो. जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलात तर पाण्यापर्यंत पोचायलाच बरीच पायपीट होईल, आणि खंडव्याचं ऊन नांदुऱ्याच्या उन्हाचंच भावंडं आहे.

हे पाणी किती, त्याचा अंदाज आपल्या ओळखीच्या धरणांवरून घ्या. उजनी काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी, कोयना १०५ टीएमसी. इंदिरा सागरची एकूण क्षमता १२.२२ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ४३१ टीएमसी. साठवण क्षमतेत देशातला सर्वांत मोठा जलाशय. फुगवटा ९०० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर पसरतो. बोटीतून एका बाजूचा काठ दिसतो, दुसऱ्या बाजूचा दिसत नाही, आणि लोक हमखास ‘समुद्रच वाटतो’ म्हणतात. मध्येमध्ये बेटं दिसतात. पण ती बेटं नव्हेत, ते डोंगरांचे माथे आहेत.

हरसूद

या धरणाची पायाभरणी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाली. आठच दिवसांनी त्यांची हत्या झाली आणि धरणाला त्यांचं नाव लागलं. पुनासा इथे बांधलेली भिंत ९२ मीटर उंच, वीजनिर्मितीची क्षमता १,००० मेगावॅट. या पाण्यात सुमारे अडीचशे गावं कमी-अधिक बुडाली. आणि एक शहर पूर्ण गेलं. हरसूद.

हरसूद सुमारे सातशे वर्षांचं जुनं गाव मानलं जायचं. तहसीलचं ठिकाण, मोठी बाजारपेठ, मुंबई–इटारसी मार्गावरचं रेल्वे स्टेशन. आसपासचा कापूस आणि सोयाबीन इथे यायचा. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं गाव, नांदुऱ्यासारखंच म्हणा ना.

२८ सप्टेंबर १९८९ रोजी देशभरातले हजारो लोक या गावात जमले होते. मोठी धरणं आणि विस्थापन यांविरुद्धचा तो मेळावा होता. बाबा आमटे, सुंदरलाल बहुगुणा, मेधा पाटकर तिथे होते. पुढच्याच वर्षी बाबा आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. या सगळ्यानं धरण थांबलं नाही. २००४ साली हरसूद रिकामं करण्यासाठी ३० जून ही तारीख ठरली.

त्या जून महिन्यात गावात जे घडलं ते पत्रकारांनी तपशिलात लिहून ठेवलं आहे. विजय मनोहर तिवारी यांचं ‘हरसूद ३० जून’ हे हिंदी पुस्तक त्याच दिवसांवर आहे. लोकांनी आपापली घरं स्वतःच पाडली. दारं, खिडक्या, पत्रे, विटा, जे काढता येईल ते काढून ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरलं. नवीन वसाहत छनेरा इथे होती. प्लॉट होते, पण घर उभं राहायचं होतं, पावसाळा तोंडावर होता आणि सगळ्यात मोठी अडचण, बाजार नव्हता. शेतजमिनीचा मोबदला देता येतो, दुकानाचाही देता येतो. पण गिऱ्हाईक ज्या खेड्यांतून यायचं ती खेडीही बुडालेली असतील तर दुकान कुणासाठी उघडायचं, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही. शिंपी, हमाल, टांगेवाले, भाड्याच्या घरात राहणारे यांच्या नावावर तर मोजायला काही नव्हतंच.

रेल्वेमार्गाचाही तो तुकडा सोडून देऊन नव्या आखणीनं रूळ टाकले गेले. छनेरा आता नवं हरसूद म्हणून ओळखलं जातं.

वाद तिथे संपला नाही. २०१२ च्या सप्टेंबरात याच नर्मदेवर, शेजारच्या ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात, घोगलगावचे लोक सतरा दिवस गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. इंदिरा सागरच्या काठावरच्या गावांतही तेव्हाच जलसत्याग्रह झाला. हातापायांची कातडी सोललेले ते फोटो अनेकांना आठवत असतील. त्यानंतर साडेतीन वर्षांनी पहिला जल महोत्सव भरला.

उन्हाळ्यात पाणी खूप उतरतं तेव्हा जुन्या हरसूदचे चौथरे आणि भिंतींचे अवशेष वर येतात. हनुवंतियाच्या हाऊसबोटीतून ते दिसत नाहीत. हरसूद जलाशयाच्या वेगळ्या भागात आहे, आणि ज्या ऋतूत ते उघडं पडतं तो पर्यटनाचा ऋतूच नाही.

जायचं असेल तर

हे सगळं वाचून जाऊच नये का? असं अजिबात नाही. तिथल्या बोटीवर, खानावळीत, गाडीवर काम करणारी माणसं आसपासच्या गावांतली असतात आणि पर्यटन बंद पडून बुडालेलं गाव वर येत नाही. फक्त काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

पहिली म्हणजे बोट चालू आहे का. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठानं भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि राज्यातल्या इतर पाणवठ्यांवर डिझेलवर चालणाऱ्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. कारण साधं आहे. हे पिण्याचं पाणी आहे. हाऊसबोटीच्या बाबतीत प्रश्न इंजिनाच्या तेलापुरताही राहत नाही, संडासाची टाकी कुठे रिकामी होते तेही पाहावं लागतं. दल सरोवराची दुर्दशा कशानं झाली यावर बोलताना हाऊसबोटींचं सांडपाणी नेहमी निघतं. तेव्हा बुकिंग करताना हा प्रश्न बिनधास्त विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर काय ते समजून जा.

दुसरी, लाइफ जॅकेट. मे २०२३ मध्ये केरळातल्या तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीच्या बोटीत फेरफार करून बनवलेली होती आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली होती. जॅकेट फोटोपुरतं घालून काढून ठेवायची आपल्याकडची सवय धरणाच्या खोल पाण्यात महागात पडू शकते.

रस्ता मात्र सुंदर आहे. नांदुऱ्याहून मलकापूर, किंवा जळगाव जामोदवरून घाटानं, बऱ्हाणपूर गाठायचं. रेल्वेनं जायचं तर भुसावळला गाडी बदलून खंडवा. पण शक्यतो रस्त्यानं जा, कारण बऱ्हाणपूर चुकवू नये. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला चित्रांनी भरलेला हमामखाना पाहा. १६३१ साली मुमताज महल इथेच वारली आणि तिचं पहिलं दफन इथेच झालं. आणि कुंडी भंडारा पाहा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात आणायची ही मुघलकालीन योजना १६१५ च्या सुमाराची. शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या एकमेकींना आतून जोडलेल्या. चारशे वर्षं झाली, पाणी अजून वाहतं. पुढे असीरगड आहे, पण चढण आहे, वेळ राखून ठेवा.

आणि नांदुऱ्याचं स्वतःचं पाणी

नांदुरा तालुक्यात हे सगळं दूरचं म्हणून वाचलं जाणार नाही. तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. १९९०च्या दशकात सुमारे ४०० कोटींचा म्हणून मंजूर झालेला, आता हजारो कोटींवर गेलेला. नांदुरा, जळगाव जामोद आणि आसपासच्या तालुक्यांतली तीसहून अधिक गावं त्यात पूर्णपणे बुडणार आहेत.

त्याचबरोबर हेही खरं, की पूर्णेचं खोरं खारपाणपट्ट्याचं आहे. विहीर खोदली तरी पाणी खारट लागतं. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही नाही. या भागातल्या किडनीच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. गोड्या पाण्याचा मोठा साठा इथे चैन नाही. इंदिरा सागरच्या बाबतीत काठावरच्यांचं गाव गेलं आणि वीज दूर गेली, अशी तक्रार होती. जिगावचं पाणी निदान याच पट्ट्यात फिरणार आहे. अर्थात ज्याचं घर बुडीत क्षेत्रात आहे त्याला हा फरक किती दिलासा देईल, हे त्याच्या नव्या गावठाणात नळ, शाळा आणि रस्ता आधी येतो की पाणी आधी येतं यावर ठरेल. हरसूदमध्ये तारीख आधी आली होती.

जिगावच्या पुनर्वसित गावांपैकी काहींत लोक राहायला गेले आहेत. काही गावांत अजून जुन्या घरांपुढेच पोळ्याचे बैल सजतात, कारण नवीन जागेत गोठ्याला जागा कुठे, हे ठरायचं आहे.