बहुमत मोजायचे कोठे?

पंतप्रधानाने राजीनामा केव्हा द्यावा हा पुष्कळ अंशी त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या जागी कोणी बसावे हा प्रश्न सर्वस्वी लोकांचा आहे. ही साधी गोष्ट आपल्या देशात एकदा कशी विसरली गेली व तिची किंमत कोणास मोजावी लागली, हे पाहावयाचे असेल तर १९७९ सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांकडे वळावे लागेल. त्या वर्षी १५ जुलै रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला आणि २० ऑगस्ट रोजी चरणसिंग यांनी. मधल्या ३६ दिवसांत एक सरकार कोसळले, दुसरे बनता बनता राहिले, तिसरे बनले आणि तेही गेले. मात्र एवढ्या उलथापालथीत कोणत्या नेत्यावर लोकसभेचा विश्वास आहे, हे लोकसभेत एकदाही मोजले गेले नाही! ज्या सभागृहास मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते असे घटनेचे ७५ वे कलम सांगते, त्या सभागृहास कोणी काही विचारलेच नाही.

हा केवळ जुना इतिहास असता तर पहिल्या पानावर त्याची उजळणी करण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु ज्या फटीतून तेव्हाचा अनर्थ आत शिरला ती फट अद्यापि पुरती बुजलेली नाही, आणि महाराष्ट्राने तर तिचा अनुभव अगदी अलीकडे घेतला आहे.

१९७७ च्या मार्चमध्ये देशाने जे केले ते जगाने कौतुकाने पाहिले. आणीबाणीच्या जवळजवळ एकवीस महिन्यांनंतर सुमारे साडेसाठ टक्के मतदार मतदानास आले आणि त्यांनी एक बलाढ्य सत्ता शांतपणे मतपेटीतून दूर केली. २४ मार्च रोजी राजघाटावर जयप्रकाश नारायण यांनी जनता पक्षाच्या खासदारांना एकजुटीची शपथ दिली. त्या शपथेवर लोकांनी विश्वास ठेवला, आणि तो अगदीच वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या दुरुपयोगाला जे बांध घातले, ते आजही आपले रक्षण करीत आहेत. ते श्रेय त्या सरकारचे आहे व ते त्याला दिलेच पाहिजे.

परंतु या घराचे वासे पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या रानांतले होते. मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम या तिघांनाही पंतप्रधानपद आपलेच आहे असे वाटत होते. १९७८ च्या जूनअखेरीस चरणसिंग यांना मंत्रिमंडळाबाहेर जावे लागले. १९७९ च्या जानेवारीत ते उपपंतप्रधान व अर्थमंत्री होऊन परतले. मने मात्र परतली नाहीत. जनसंघातून आलेल्या सभासदांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवावा की नाही, या दुहेरी निष्ठेच्या वादाला पुण्याचे मधू लिमये यांनी तात्त्विक धार दिली. राजनारायण यांनी जून महिन्यात पक्षच सोडला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा ठराव मांडला तेव्हा जॉर्ज फर्नांडिस यांनी सरकारच्या बाजूने घणाघाती भाषण केले आणि दोन-चार दिवसांतच ते त्या सरकारातून बाहेर पडले. मुंबईच्या कामगाराने ज्या माणसाला डोक्यावर घेतले होते त्याचे हे वागणे पाहून या शहराला काय वाटले असेल, ते वेगळे सांगावयास नको. ठरावावर मतदान होण्यापूर्वीच मोरारजींनी राजीनामा दिला.

मोरारजींच्या जाण्याचे मराठी माणसाला दुःख झाले नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर ज्या गोळ्या चालल्या त्यांचे व्रण फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला म्हणून बुजलेले नव्हते. तरीसुद्धा न्याय हा न्यायच असतो. ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्याही बाबतीत रीत पाळली गेली की नाही, हे पाहणे यातच लोकशाहीची कसोटी असते. मोरारजी सभागृहात हरले असते तर तक्रारीला जागा नव्हती. ते हरले की नाही हेच कधी नोंदले गेले नाही, आणि तेथूनच पुढचा सारा घोळ सुरू झाला.

राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम यशवंतरावांना सरकार बनविण्यास पाचारण केले. महाराष्ट्राच्या मनात तेव्हा क्षणभर जी आशा उमटली ती स्वाभाविक होती. १९६२ साली हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हणत आलो होतो. आता सह्याद्रीलाच दिल्लीचे सिंहासन मिळणार की काय, असे अनेकांना वाटले. परंतु आशेने संख्या भरून निघत नाही. चारच दिवसांत यशवंतरावांनी आपली असमर्थता प्रामाणिकपणे कळविली. त्यानंतर राष्ट्रपतींनी मोरारजी व चरणसिंग या दोघांकडून पाठिराख्यांच्या याद्या मागविल्या. याद्या आल्या, त्यांतली काही नावे दोन्हीकडे असल्याचा गवगवाही झाला. एकच खासदार एकाच वेळी दोन पंतप्रधानांचा पाठिराखा कसा असू शकतो, हे कोडे सोडविण्याची जागा राष्ट्रपतिभवनातील मेज नव्हती, ती लोकसभा होती. तेथे प्रत्येकाला उठून एकाच बाजूला मत द्यावे लागले असते.

२८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान झाले, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात विश्वासाचे मत घ्यावयाचे ठरले. हे सरकार ज्या इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते तिने ऐन वेळी तो काढून घेतला. ज्यांनी ज्यांना तुरुंगाची वाट दाखविली त्यांच्याच खांद्यावर बसून राज्य करावयाचे, या व्यवहाराचा दुसरा शेवट होणार तरी कोणता? २० ऑगस्ट रोजी, पदावर आल्यापासून २३ दिवसांनी, लोकसभेला सामोरे न जाताच चरणसिंग यांनी राजीनामा दिला व सभागृह विसर्जित करण्याची शिफारस केली. जनता पक्षाचे नवे नेते जगजीवनराम आपल्याला संधी द्या असे म्हणत असतानाच २२ ऑगस्ट रोजी लोकसभा विसर्जित झाली. ज्याने एकदाही विश्वास संपादन केला नाही त्या पंतप्रधानाच्या सल्ल्याने विश्वास देणारी सभाच बरखास्त व्हावी, आणि त्यानेच पुढचे जवळजवळ पाच महिने काळजीवाहू म्हणून देशाचा गाडा हाकावा, असा हा प्रकार होता.

या साऱ्याची जनतेवर प्रतिक्रिया काय झाली? येथे आम्हां शहरी सुशिक्षितांना थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. आपण आपल्या वर्गाच्या त्राग्यालाच लोकमत म्हणण्याची घाई करतो. लोकलच्या डब्यात, कचेरीत, व्याख्यानमालेत जो सूर होता तो ‘सारे एकाच माळेचे मणी’ असा होता. ‘आयाराम गयाराम’ हा हरियाणाच्या १९६७ सालच्या पक्षांतरांतून निघालेला वाक्प्रचार आता खुद्द दिल्लीला लागू झाला, असे आपण कडवटपणे म्हणत होतो. परंतु पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्याला चरणसिंगांच्या शपथविधीत वेगळेच काही दिसले. ज्याची बोली, ज्याचा पेहराव व ज्याची दुःखे आपल्यासारखी आहेत असा माणूस देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर बसला, हे त्याला तमाशासारखे वाटले नाही. त्याचप्रमाणे जगजीवनराम यांचा दावा ऐकून न घेता सभागृह मोडले गेले तेव्हा दलित समाजाच्या काळजात जी कळ उठली, तिची नोंद आपल्या दिवाणखान्यांतील चर्चांनी क्वचितच घेतली. देशाला दलित पंतप्रधान मिळण्याची ती संधी होती की नव्हती याचा निवाडा एका मतदानाने झाला असता. तो झाला नाही, म्हणून संशय कायमचा मागे राहिला. उघड मोजणीचा हा फार मोठा गुण आहे. हरलेल्यालाही ती मुकाट्याने मान्य करावी लागते.

शेवटी लोकांनी आपली प्रतिक्रिया मतपेटीतच नोंदविली. १९८० च्या जानेवारीत मतदानाचे प्रमाण साडेसाठ टक्क्यांवरून सुमारे सत्तावन्नवर उतरले. हे जे मतदार घरी बसले त्यांचे मौन हीही एक प्रतिक्रियाच होती. जे बाहेर पडले त्यांनी इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा दिल्या. जनता पक्षाला ३१ आणि चरणसिंगांच्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना घालविले त्यांनाच लोकांनी परत बोलाविले. लोक आणीबाणी विसरले असा याचा अर्थ आम्ही लावीत नाही. दुष्काळ, महागाई आणि नेत्यांचे कलह यांना विटलेल्या माणसाने कोणीतरी राज्य तरी करा असे म्हटले, एवढाच त्याचा अर्थ. राजघाटावर शपथ देणारे जयप्रकाश तो निकाल पाहण्यास उरले नव्हते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांनी पाटण्यात देह ठेवला होता.

या अनुभवातून देश काहीच शिकला नाही असे मात्र नाही. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला लगाम घालण्याचा प्रयत्न झाला. १९८९ साली विश्वनाथ प्रताप सिंग यांना सरकार बनविण्यास बोलावताना ठरावीक मुदतीत सभागृहाचा विश्वास मिळवा असे सांगण्यात आले. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे असा दंडक घालून दिला. विश्वनाथ प्रताप सिंग १९९० मध्ये आणि देवेगौडा १९९७ मध्ये मतदानात हरून गेले. अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी अवघ्या एका मताने, २६९ विरुद्ध २७०, पडले. त्या एका मताबद्दल कितीही हळहळ झाली तरी त्याच्या खरेपणाबद्दल कोणी शंका काढली नाही.

तरीही फट राहिलीच. मोजणी होण्यापूर्वी पदत्याग केला की सारा हिशेबच अपुरा राहतो. याचे ताजे उदाहरण आपल्याच दारचे आहे. २९ जून २०२२ रोजी, बहुमत चाचणीच्या आदल्या रात्री, उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यपालांचे चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे सांगितले. परंतु चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला गेला असल्याने पूर्वीची स्थिती परत आणता येणार नाही, असेही त्याच निकालात सांगितले. या प्रकरणात कोणाची बाजू खरी यावर महाराष्ट्रात घरोघर मतभेद आहेत व राहतील. आम्ही येथे कोणाचीही वकिली करीत नाही. परंतु सभागृहात न झालेली मोजणी नंतर न्यायालयालाही करून देता येत नाही, हा त्यातला धडा सर्व पक्षांनी सारखाच ध्यानी धरला पाहिजे.

उपाय नाही असे नाही. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेप्रमाणे जुन्या प्रमुखाला काढावयाचे तर त्याच मतदानाने नवा निवडावा लागतो. १९८२ च्या १ ऑक्टोबरला हेल्मुट श्मिट गेले व हेल्मुट कोल आले ते असेच. जपानच्या घटनेत पंतप्रधानाचे नाव संसदच मत देऊन ठरविते. २०२५ च्या ऑक्टोबरात साने ताकाइची यांची निवड त्याच रीतीने झाली. ब्रिटनमध्ये १९६३ साली मॅकमिलन यांनी रुग्णशय्येवरून पद सोडले आणि होम यांची निवड बंद दाराआड झाली, तेव्हा इतका गदारोळ झाला की १९६५ पासून हुजूर पक्षाने नेता रीतसर निवडण्यास आरंभ केला. आपल्याकडेही १९९९ साली विधि आयोगाने जर्मन धर्तीच्या अविश्वास ठरावाची शिफारस केली. २००२ साली घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या आयोगाने लोकसभेने आपला नेता स्वतः निवडावा असे सुचविले. दोन्ही अहवाल धूळ खात पडले आहेत.

कोणी म्हणेल, एका पक्षास भक्कम बहुमत असले तर ही सारी उठाठेव कशाला? आमचे उत्तर असे की छप्पर शाकारावयाचे ते पाऊस नसताना. बहुमत स्पष्ट असेल तेव्हा अशा मतदानाने कोणाचे काहीच बिघडत नाही; ते अस्पष्ट होते तेव्हाच त्याची किंमत कळते, आणि त्या वेळी नियम करावयास कोणास सवड नसते, इच्छा तर नसतेच नसते. म्हणून पंतप्रधान असो वा मुख्यमंत्री, त्याच्या राजीनाम्यानंतर ठरावीक मुदतीत सभागृहाने उघड मतदानाने नवा नेता निवडावा, आणि कोणालाच बहुमत न मिळाल्यास मगच लोकांकडे जावे, असा नियम झाला पाहिजे. १९७९ साली लोकांचा संताप नेते भांडले म्हणून जितका होता त्याहून अधिक आपल्याला कोणी विचारले नाही म्हणून होता. पुन्हा तशी वेळ आली, आणि ती केव्हा तरी येणारच, तर बहुमत कोठे मोजायचे याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे, एवढीच आमची मागणी आहे. ती मागणी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कानी घालणे वाचकांच्या हाती आहे.