खाशाबांचा अर्धा तास

मागच्या पंधरवड्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. सोबत आजोबा होते. घर पैठणी विणणाऱ्यांचे. मुलगा दिवसा मागावर बसतो आणि संध्याकाळी जिममध्ये वजने उचलतो. त्याला पॉवरलिफ्टिंगची गोडी लागली आहे. खांद्यावर वजन घेऊन बैठक मारायची, बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलायचे आणि जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहायचे, अशा तीन प्रकारांची बेरीज त्यात धरतात. त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. बैठकीतून उठताना पाय जरासा वळला आणि आत काहीतरी कट्‌कन वाजले, ही तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. त्यानंतरही दोन दिवस पठ्ठ्याने बैठका मारल्या होत्या!

"डॉक्टर, रविवारी स्पर्धा आहे. एक इंजेक्शन देऊन टाका. नंतर तुम्ही म्हणाल तसं करतो."

आजोबा कुस्तीचे जुने शौकीन. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या वेळचे पहिलवान असल्या दुखण्याला भीक घालत नव्हते. खाशाबा कधी रडले का?"

आजोबांनी नाव मोठे घेतले. खाशाबांचीच गोष्ट मी त्या दोघांना सांगितली, आणि ती वाचकांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडीलही मल्ल होते. अंगाने मात्र खाशाबा आडदांड नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी या किरकोळ मुलाला स्पर्धेत घ्यायलाच नकार दिला आणि शेवटी प्राचार्यांकडे जाऊन त्याने परवानगी मिळवली, असे सांगतात. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले. मातीत घडलेला मल्ल, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तरी सहावा क्रमांक आला. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली.

हेलसिंकीत ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी गाठ पडली. पुढे सुवर्णपदक मिळवणारा हा मल्ल. कुस्ती लांबली, खाशाबा दमले आणि हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग या माणसाने कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमवले आणि खर्डेकरांचे घर सोडवले. पदकापेक्षा मला स्वतःला ही गोष्ट जास्त मोठी वाटते, पण तो विषय वेगळा.

त्या हुकलेल्या अर्ध्या तासाचे मोल डॉक्टर म्हणून मला कळते. जोराच्या झटापटीत स्नायू आधी स्वतःजवळची तयार शक्ती वापरतो. ती काही मिनिटांत पुष्कळशी भरून येते. झटापट लांबली की प्राणवायू कमी पडतो, साखर अर्धवट वापरली जाते, रक्तात लॅक्टेट आणि आम्लता साठते. हात जड होतात, पकड सुटते. विश्रांती मिळाली तर हे लॅक्टेट साधारण पंधरा-वीस मिनिटांत निम्म्यावर येते. म्हणजे अर्ध्या तासात माणूस बराचसा ताजा होतो. नियम करणाऱ्यांनी तो अर्धा तास उगाच ठेवलेला नव्हता. खाशाबांची हिंमत, डाव, ताकद सगळे जागेवर होते. स्नायूंना वेळ मिळाला नाही.

ही झाली दोन कुस्त्यांमधली विश्रांती. दोन दिवसांच्या मेहनतीमधली विश्रांती आणखी महत्त्वाची. जड मेहनतीने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि ती भरून येतानाच स्नायू बळकट होतो. ज्या स्नायूंना आज खूप ताण दिला, त्यांना निदान दोन दिवस तरी तसाच ताण देऊ नये. सवय नसताना पैजेवर पाचशे-हजार बैठका मारणाऱ्या मुलांना तर माझे हात जोडून सांगणे आहे. स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. अशा मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, घाम काढणे हाही जुना रोग. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेजवयीन मल्ल एवढ्यावरून दगावले. खाशाबांनी १९४८ ते १९५२ मध्ये वरचा गट धरला, हे आपल्या पोरांनी लक्षात घ्यावे.

"मग गुडघ्याचं काय?" आजोबांनी विचारले. त्याचेही उत्तर खाशाबांच्याच आयुष्यात आहे. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू होती. त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिम्पिकचे दार कायमचे बंद झाले. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे तेव्हा नव्हती, एमआरआयचा तर शोधही लागला नव्हता. पुढे ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

मांडी आणि नडगी यांच्या हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात. वजनाखाली गुडघा पिळला की त्या फाटतात. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर सांधू शकते. आतल्या भागाची आपोआप सांधत नाही. गुडघा अडकणे, मधूनच लचकणे, पूर्ण सरळ न होणे ही तिची लक्षणे. मुलाच्या गुडघ्यात तिन्ही होती. वेदना मारणारे इंजेक्शन देऊन त्याला दीडशे किलो खांद्यावर घेऊ दिले असते, तर छोट्या चिरेची मोठी चीर झाली असती, आणि त्याला कळलेही नसते. शिवाय मागाच्या पावड्या दाबायलाही हाच गुडघा लागतो.

मी इंजेक्शन दिले नाही. मुलगा रागावून, एक शब्द न बोलता गेला. आजोबा पैसे द्यायला मागे थांबले, हळूच म्हणाले, "दुसरीकडे जाईल बघा."

तो गेला नाही. स्पर्धेच्या रविवारी सकाळी नातू दवाखान्याच्या बाकावर पाय पसरून बसला होता. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गुडघ्यावर, तोंड फुगलेले. कंपाउंडर त्याला दर पंधरा मिनिटांनी बर्फ काढायला सांगत होता. एमआरआयमध्ये बाहेरच्या कडेला चीर दिसली आहे. या गुरुवारी नाशिकला अस्थिरोगतज्ज्ञांकडे तपासणी आहे. आजोबाही बरोबर जाणार आहेत, कारण गाडीत त्याने पाय कसा ठेवायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, असे त्यांचे म्हणणे आहे.