देवाचे दार आणि कायद्याची चौकट

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा होते आणि दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्याला तिचा मान मिळतो. धर्मनिरपेक्ष राज्याच्या शासनप्रमुखाचे गाभाऱ्यात काय काम, असा प्रश्न अधूनमधून उपस्थित केला जातो. तथापि, त्याहून मूलभूत प्रश्न वेगळाच आहे. देवस्थानाचा कारभार कोणी पाहायचा आणि त्याचे दार कोणासाठी उघडे राहील, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

भारतीय राज्यघटनेने धर्म आणि राज्य यांच्यामध्ये अभेद्य भिंत उभारलेली नाही. अनुच्छेद २५ प्रत्येकाला धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो. मात्र धर्माशी निगडित आर्थिक व अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याची मुभाही त्याच अनुच्छेदाने शासनाला दिली आहे. अनुच्छेद २६ नुसार धर्मसंप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करता येते, परंतु मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच करावा लागतो. थोडक्यात, पूजा कशी करावी हा धर्माचा विषय. दानपेटीचा हिशेब आणि जमिनीची व्यवस्था हा कायद्याचा. पुजाऱ्याची नेमणूक हीदेखील ऐहिक बाब असल्याने ती वंशपरंपरेनेच व्हावी असे बंधन नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात दिला.

पंढरपूरचा दीर्घ लढा

या तत्त्वाची खरी कसोटी महाराष्ट्रात पंढरपूरने पाहिली. समतेचा घोष करणाऱ्या संतपरंपरेचे हे केंद्र. तरीही तेथील मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी शतकानुशतके बंद होते. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला होता. पंढरपूरचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. मंदिर खुले झाले, पण गाभाऱ्यावरील बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क तसेच राहिले. भाविकांच्या तक्रारींची चौकशी नाडकर्णी आयोगाने केली आणि त्यानंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम संमत झाला. हे हक्क संपुष्टात आणणाऱ्या या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. अखेरचा निकाल लागला तो जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजाकार्यासाठी महिला आणि ब्राह्मणेतरांकडूनही अर्ज मागवले. म्हणजे कायदा होण्यापासून तो निर्विवाद ठरेपर्यंत चाळीस वर्षे उलटली.

न्यायालयाचे दार

पुढचा टप्पा महिलांच्या प्रवेशाचा होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर महिलांना मज्जाव होता. वस्तुतः कोणत्याही हिंदूला सार्वजनिक मंदिरात जाण्यापासून रोखणे हा १९५६ च्या राज्य कायद्याने दंडनीय अपराध ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये शासनाला त्याच कायद्याची आठवण करून दिली आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा महिलांसाठी खुला झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये याच न्यायालयाने मुंबईतील हाजी अली दर्ग्याच्या मजारीजवळ जाण्यास महिलांना केलेली बंदी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर दर्गा न्यासाने सर्वोच्च न्यायालयात महिलांना प्रवेश देण्याची तयारी दर्शवली. दोन भिन्न धर्मांच्या श्रद्धास्थानांना समतेचे एकच माप लागू झाले, हे येथे लक्षणीय आहे.

अर्थात, वंशपरंपरेचे हक्क गेले म्हणजे देवस्थान आपोआप भाविकांचे झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० मध्ये, तर शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदे झाले. विश्वस्त नेमण्याचा अधिकार शासनाकडे आला आणि त्याबरोबर राजकीय सोयीच्या नेमणुकांचे आरोपही आले. शिर्डीच्या विश्वस्त मंडळाची नियुक्ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्दबातल ठरवली. बडव्यांच्या जागी सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते बसणार असतील, तर रांगेत तासन्तास तिष्ठणाऱ्या वारकऱ्याच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न उरतोच.

म्हणूनच देवस्थाने शासनाच्या ताब्यात असावीत की भक्तांच्या, एवढ्यावरच हा वाद थांबता कामा नये. कारभार कोणाकडेही असो. हिशेब जाहीर असणे, नेमणुकीला पात्रतेचे निकष असणे आणि दार सर्वांना सारखेच खुले असणे, या तीन गोष्टींची हमी भाविकाला मिळाली पाहिजे. साने गुरुजींनी उपोषण केले ते मंदिर एका हातातून दुसऱ्या हाती जावे म्हणून नव्हे. ते सर्वांचे व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती.