देवमाशांची शिकार: हार्पूनपासून ड्रोन आणि डीएनएपर्यंत

ड्रोन म्हटलं की आपल्याला लग्नाचं शूटिंग आठवतं. जपानच्या 'कांगेई मारू' या जहाजावर मात्र ड्रोन ठेवलेत ते देवमासे शोधायला. 2024 मध्ये कामाला लागलेलं हे सुमारे 113 मीटरचं जहाज म्हणजे तरंगता कारखानाच. शिकारी बोट देवमासा मारून आणते, मागच्या उतारावरून तो वर ओढतात आणि कापणं, गोठवणं सगळं आतच होतं.

आयडिया जुनीच. नॉर्वेच्या स्वेन फॉयनने 1870 मध्ये स्फोटक हार्पूनचं पेटंट घेतलं. वाफेच्या बोटीवर ती तोफ बसली आणि वेगवान ब्लू व्हेलही आवाक्यात आला. विसाव्या शतकात सुमारे 29 लाख मोठे देवमासे मारले गेले.

1986 पासून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाची व्यापारी शिकारीवर बंदी आहे. पण नॉर्वेने हरकत नोंदवली, त्यामुळे बंदी त्याला लागू नाही. आइसलँडही शिकार करत आलाय. जपान अनेक वर्षं 'संशोधन' म्हणून शिकार करत होता (मांस मात्र बाजारात!), 2019 मध्ये तो आयोगातूनच बाहेर पडला.

मला सगळ्यात धक्कादायक वाटतो तो खोटा डेटा. सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात 2,710 हंपबॅक मारल्याचं कळवलं. खरा आकडा 48,000 च्या वर होता. काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी 1993 मध्ये हे उघड केलं. त्या नोंदींत आपला अरबी समुद्रही आहे: 1965-66 मध्ये इथे 242 हंपबॅक मारले गेले. इथले हंपबॅक दुसरीकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात. ओमानजवळ आज ते शंभरच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

मग खोटं पकडायचं कसं? स्कॉट बेकर आणि स्टीफन पलंबी यांनी जपानी बाजारातून मांस विकत घेतलं. संरक्षित प्राण्याचं मांस परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून त्यांनी छोटं पीसीआर मशीन हॉटेलच्या खोलीतच लावलं. कोविड टेस्टमुळे पीसीआर आता सगळ्यांना माहीत आहे, तेच तंत्र. डीएनएच्या नव्या प्रती तिथेच बनवल्या आणि फक्त त्या सोबत नेल्या. निकाल 1994 मध्ये छापून आला. त्या मांसात हंपबॅकही निघाला, ज्याच्या शिकारीवर 1966 पासूनच बंदी होती.